वाढत्या अंगाचं जॅकेट

आमच्या घरात मापाचे कपडे कधी कुणी घेतलेच नाहीत. आजी स्वेटर विणायची तो पुढच्या दोन वर्षांचा हिशोब करून, बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी वळकटी व्हायची, आणि एकदाचा नीट बसायला लागला की समजायचं आता हा धाकट्याकडे जाणार. असा मी एकतिसाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं लेदर जॅकेट घ्यायला निघालो.

हौस होतीच, खोटं कशाला बोलू. पण कारणही होतं. ग्वाल्हेरात जानेवारीत सकाळी कधीकधी असं धुकं पडतं की लष्कर भागातून किल्ला दिसत नाही, आणि बाइकवर वारा स्वेटरच्या जाळीतून सरळ छातीत घुसतो. कातड्यातून तो घुसत नाही, एवढं साधं आहे ते. चेन तिरकी असते तीही स्टाइल म्हणून नाही, टाकीवर वाकलं की ती टोचत नाही आणि एक पदर दुसऱ्यावर चढून वारा अडतो. न्यूयॉर्कच्या शॉट कंपनीने 1928 मध्ये बाइकवाल्यांसाठी चेनचं जॅकेट काढलं, आपण अजून तेच घालतोय.

तर ग्वाल्हेरचा मेला, म्हणजे आमची मोठी जत्रा. 1905 पासून भरतोय, आमच्याकडे थंडीची खरेदी तिथेच. पहिल्याच दुकानदाराने लायटर काढला, "भैया, जला के देख लो, प्योर है." मला त्या लायटरची भीती नाही, आत्मविश्वासाची वाटते. माझ्या आतेभावाने असंच एक 'प्योर' घेतलं होतं, दुसऱ्या पावसाळ्यानंतर कपाटातून काढलं तर उन्हात सोललेल्या पाठीसारखे पापुद्रे. त्यामुळे मी गुपचूप आतली शिवण उलटून कापलेली कड बघितली. खरं कातडं मागून मखमलीसारखं तंतूतंतू दिसतं, नकलीच्या मागे सरळ कापड. आणि वरची छिद्रं सगळी एकसारखी असली तर ती मशीनने उठवलेली, कुठल्याही मेंढीची कातडी इतकी शिस्तीची नसते.

एक आवडलं, मेंढीचंच, मऊ. म्हशीचं घालून बघितलं होतं पण ते इतकं जड की हँगरसकट घातल्यासारखं वाटलं. आणि इथे माझे सगळे संस्कार आडवे आले, कारण हात आपोआप एक नंबर मोठ्याकडे जायला लागला! खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच हवी, बाकी बाही-बिही कमी करता येते पण खांदा उसवणं म्हणजे जॅकेट नव्याने शिवणं. आणि कातडं वापरून सैल पडतं, म्हणजे आज थोडं घट्टच घ्यायचं. घट्ट! पैसे देऊन! हँडल धरल्यासारखे हात पुढे केले, बाही मनगटावरून फार वर सरकली नाही, पाठ पट्ट्याच्या वर गेली नाही, मग आणखी विचार न करता घेऊन टाकलं.

घरी आईने आधी "कातड्याचं ना? मग देवघराच्या अलीकडेच काढायचं" हे स्पष्ट केलं. मग तिने माझ्या पाठीमागे येऊन काखेत दोन बोटं घालून बघितली, जशी शाळेच्या शर्टात बघायची.

"आत स्वेटर कुठे मावणार रे? एक नंबर मोठं घ्यायचं की. पुढे पोट सुटेल तेव्हा?"

मी म्हटलं अगं भरपूर जागा आहे, आणि श्वास आत ओढून चेन वरपर्यंत लावून दाखवली.