मळ्यातलं नेट, भाग दुसरा: कांड्या सोडा, आकडे पाहा

मळ्यातल्या लॅपटॉपवर मोबाईलचं नेट आणायचं, ते मागच्या वेळी अडलेलं काम मार्गी लागलं. डोंगल, म्हणजे सिमकार्ड घालून यूएसबीत खोचायचं नेटचं यंत्र, लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह म्हणून दिसत होतं, कारण त्यात विंडोजचं सॉफ्टवेअर भरून येतं. लिनक्सवर ‘यूएसबी मोडस्विच’ हा छोटा प्रोग्राम टाकला की ते मॉडेम होतं, म्हणजे टॉवरशी बोलायला लागतं. ज्यांचं डोंगल स्वतःच राउटर आहे, म्हणजे १९२.१६८.८.१ सारख्या पत्त्यावर ज्याचं पान उघडतं, त्यांनी खालचे आकडे त्या पानावरच शोधावेत.

आता खरा मुद्दा. मळा जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, चहूबाजूंनी केळी. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची केळी, लावली तेव्हा खिडकीतून फैजपूरच्या अंगाचा टॉवर सरळ दिसायचा. आता झाडं डोक्याच्या वर गेलीत. केळीचं पान म्हणजे पाणीच, आणि पाणी रेडिओ लहरी पितं. फ्रिक्वेन्सी जितकी वरची, तितकी जास्त. तरी मोबाईलवर सिग्नलच्या चार कांड्या! वेबसाइट मात्र उघडत नाही.

लिनक्समध्ये मॉडेम सांभाळणाऱ्या ‘मॉडेममॅनेजर’ या प्रोग्राममध्ये ‘सिग्नल-सेटअप’ने दर पाच सेकंदांचं मोजमाप चालू केलं आणि ‘सिग्नल-गेट’ने वाचलं. आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद, -९७ डीबीएम; वाईट नाही. पण सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर जेमतेम १-२ डेसिबल. रावेरच्या बाजारात समोरचा मोठ्यानं बोलतोय, पण अख्खा बाजार ओरडतोय, तसं. कांड्यांना हा गोंगाट बहुतेक दिसतच नाही.

मॉडेम बँड ४० या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर, म्हणजे २३०० मेगाहर्ट्झवर बसलेला होता. त्याला बँड ५ वर, ८५० वर बांधून टाकलं. गुणोत्तर ९ वर गेलं. जास्तीत जास्त मिळणारा वेग कमी झाला, कारण या बँडची रुंदी कमी. पण व्हिडिओ कॉल तुटायचा थांबला. माझ्या मते मळ्यात हाच सौदा बरा. सगळे मॉडेम बँड बदलू देत नाहीत, घेण्याआधी तपासा.

डोंगल गच्चीवर न्यायचं तर यूएसबी २ ची साधी वायर ५ मीटरच्या पुढे नेऊ नका. वायर बारीक असेल तर व्होल्टेज पडतं आणि डोंगल मधूनच बंद-चालू होतं. लिनक्सच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेग’मध्ये परत परत ‘डिस्कनेक्ट’ दिसलं तर कंपनीला शिव्या घालण्याआधी वायर बदला.

संध्याकाळचं दुखणं वेगळं. आरएसआरपी जागच्या जागी, पण आरएसआरक्यू, म्हणजे सिग्नलचा दर्जा, -८ वरून -१४ वर. म्हणजे टॉवरवर गर्दी. जेवणं उरकून सगळं गाव मोबाईल घेऊन बसतं, त्याला अँटेना काय करणार? मोठे अपडेट मी पहाटे लावतो.

आकडे चांगले, तरी साइट उघडत नसेल तर आधी ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का ते पाहा. उत्तर आलं आणि नावानं मात्र काही उघडत नसेल तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. मॉडेम ‘रजिस्टर्ड’ आहे, म्हणजे नेटवर्कला जोडला गेलाय, पण आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ताच मिळत नाही, तर एपीएन, म्हणजे सेटिंगमधलं कंपनीच्या नेटचं नाव, पाहा. बीएसएनएलला ‘बीएसएनएलनेट’ लागतं. आयपी १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तो कंपनीच्या आतला सामाईक पत्ता आहे. विहिरीवरचा कॅमेरा बाहेरून थेट उघडणार नाही. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा आयपी, मिळतो का ते बघावं लागेल.

पुढचं काम टॉवरच्या दिशेलाच रोखायच्या अँटेनाचं. दोन पोर्टवाल्या मॉडेमला अँटेनाही दोन लागतात, एकमेकींना ९० अंशांत. लोखंडी पाइप आणलाय. कापणी होईपर्यंत थांबायची तयारी नाही.