मागच्या शॉकअपचा प्रीलोड: शेवटी मापाचा सी-पाना मिळाला

माझ्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० च्या कामाचं पुढचं अपडेट. गाडी सेकंडहँड घेतलेली, टूलकिट तिच्यासोबत आलंच नव्हतं, आणि आईला मागे बसवून वणीला गडावर जायचं ठरलं की दरवेळी तोच प्रश्न, दिंडोरी रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला मागचं शॉकअप पार खाली बसतं आणि आईच्या कमरेला दणका. एकटा असलो की काहीच त्रास नाही. म्हणजे शॉकअप गेलेलं नाही, डबलसीटसाठी प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवायला हवा एवढंच. २०२१ पासूनच्या क्लासिकला मागे सहा स्टेपची कॉलर, म्हणजे स्प्रिंग दाबणारी खाचांची गोल रिंग, आहे, ती फिरवायची, झालं. पण फिरवायची कशाने?

गॅरेजमध्ये बऱ्याच ठिकाणी स्क्रूड्रायव्हर लावून हातोडीने ठोकतात. मला ते अजिबात पटत नाही. खाचेच्या कडा मोडतात, रंग उडतो, तिथून गंज धरतो, आणि एकदा कडा गोल झाली की चांगला पानासुद्धा तिथे टिकत नाही.

बाईक ॲक्सेसरीजच्या दुकानात आधी जोडवाला ॲडजस्टेबल हूक पाना मिळाला (सी-पाना म्हणजे हाच, C सारखा वाकडा आणि टोकाला नोक). टेबलावर भारी वाटतो, पण त्याचा जोड जाड, शॉकअपच्या आतल्या बाजूला तो जातच नाही, आणि जोर दिला की हूक खाचेतून वर सरकतो. मग डोक्यात आलं की असाच पाना लेथवाले आणि बेअरिंगवाले रोज वापरतात की, खाचा असलेले गोल लॉकनट ते याच्यानेच तर सोडवतात! आणि नाशकात राहून सातपूर-अंबडला टूल्सची दुकानं शोधायला लागत नाहीत.

सातपूरच्या दुकानात गेलो तर काकांनी पहिलाच प्रश्न केला, "डाया किती?" हाच खरा प्रश्न आहे मित्रांनो. हे पाने नटच्या बाहेरच्या व्यासावर विकले जातात, ४५-५०, ५२-५५, ५८-६२, ६८-७५ अशा मिलिमीटरच्या रेंजमध्ये. मी व्हर्नियरने कॉलर मोजून आकडा लिहून नेला होता म्हणून काम झालं. तुम्ही तुमच्याच गाडीची कॉलर मोजा, दुसऱ्याच्या मापावर घेऊ नका, शॉकअप बदललेलं असलं तर माप पण बदलतं. पान्याची गोलाई कॉलरपेक्षा मोठी असेल तर फक्त नोक टेकते आणि जोर दिला की निसटते, लहान असेल तर तो बसतच नाही. आणखी एक, चौकोनी नोकेचा आणि गोल पिनचा असे दोन प्रकार येतात, कॉलरला खाचा असतील तर नोकेचा, भोकं असतील तर पिनचा.

गोलाई एकदम चिकटून बसली पण नोक खाचेपेक्षा किंचित जाड निघाली. अंबडच्या एका लेथवाल्या दादांनी ग्राइंडरवर दोन्ही बाजूंनी थोडी थोडी घासून दिली, मधेमधे पाण्यात बुडवत, कारण नोक तापून निळी पडली की पोलाद मऊ होतं आणि पहिल्याच जोराला वाकतं. खाचेत नोक शेवटपर्यंत गेली तेव्हा जो बारीकसा टक् आवाज आला ना, त्यासाठी सगळी भटकंती वसूल.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन थंड, गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक हवेत, म्हणजे स्प्रिंगवर गाडीचं वजन राहत नाही. कॉलरच्या खाली मातीचा थर असतो तो ब्रशने काढला, थोडं पेनिट्रेटिंग ऑइल मारून थांबलो. दांड्याला फूटभर पाईप लावला की वरच्या स्टेपसुद्धा सावकाश, एका दमात चढतात. दोन्ही बाजू एकाच स्टेपला हव्यात, हे विसरू नका.

मोजमाप पण घेतलं. चाक हवेत असताना एक्सलपासून सीटखालच्या टेपच्या खुणेपर्यंतचं अंतर, मग दोघं बसल्यावर तेच अंतर, दोन्हीतला फरक म्हणजे सॅग. तिसऱ्या स्टेपला ४४ मिमी होता, पाचव्याला ३७. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, स्प्रिंग तीच राहते, गाडी फक्त वर उचलली जाते आणि खड्ड्यासाठी खाली जागा शिल्लक राहते. म्हणूनच एकट्याने फिरताना मी परत तिसऱ्यावर आणतो, नाहीतर मागून गाडी उगाच उडते.

नांदुरीच्या घाटात आईने एकदाही "हळू घे रे" म्हटलं नाही, आणि उतरल्यावर कंबर धरली नाही.

पुढचं काम मित्राच्या गाडीचं, तिथे थ्रेडवाली कॉलर आणि वर लॉकनट आहे, म्हणजे एकाच वेळी दोन पाने लागणार. दुसरा पाना आणायला शनिवारी परत सातपूरला जातोय, कुणाला हवा असेल तर कॉलरचं माप शुक्रवारपर्यंत कळवा, सोबतच घेऊन येतो.