नळी बदलली की झालं?

रविवारी भाचा जेवायला आला होता. कोडोलीच्या एमआयडीसीत व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरच्या मशीनवर असतो. हात चांगला आहे, पण मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेमचा नाद काही सुटत नाही. ताटावरून उठता उठता म्हणाला, "मामा, तुमचं ते नऊ एमएमचं पिस्तूल होतं ना, त्याची नळी काढून मोठ्या बोअरची, म्हणजे रुंद भोकाची घातली की झालं की! गेममध्ये दोन सेकंदांत होतंय."

मी ईएमईतला, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेतला आर्मरर, हत्यारं दुरुस्त करणारा. नोकरीतली बरीच वर्षं 'पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए' उघडण्यात, पुसण्यात आणि परत जोडण्यात गेली. कागदावरचं नाव एवढं लांब, आम्ही नुसतं 'नाइन एमएम' म्हणायचो. हे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं पिस्तूल, पण त्याचा आजा बेल्जियमचा. जॉन ब्राउनिंगने सुरुवात केली, १९२६ साली तो एफएन या तिथल्या हत्यारांच्या कंपनीच्या कारखान्यातच वारला, आणि पुढचं काम द्यूदोने सेव्ह या त्याच्या सहकाऱ्याने पुरं केलं. १९३५ साली ते 'हाय पॉवर' म्हणून बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या इंग्लिस कंपनीनं ते बनवलं, आणि आपलं १ए त्या इंग्लिसवरून उतरलेलं.

आधी भाच्याला कायदा ऐकवला. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, लायसनशिवाय घरात असलं काही बनवणं तर सोडच, आहे त्यात फेरफार करणं हाही गुन्हाच. आणि नऊ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर. ज्यांना पिस्तुलाचं लायसन मिळतं ते बहुतेक .३२ वरच भागवतात. तो हिरमुसला. मग म्हटलं, बनवायचं नाही, पण का जमत नाही ते बघायला काय हरकत आहे? पाठकोरं लाइटबिल काढलं आणि पेन्सिल घेतली.

मोठ्या बोअरचा प्रयोग खुद्द एफएननेच केला होता. १९९० साली .४० एस अँड डब्ल्यू नावाचं काडतूस आलं. अमेरिकेतल्या पोलिसांनी ते उचलून धरलं, मग हाय पॉवरही त्यात हवं झालं. वरवर बघितलं तर सोपं वाटतं. या काडतुसाची लांबी नऊ एमएमच्या काडतुसाएवढीच, उलट केसभर कमीच. आतल्या वायूचा दाबही साधारण तेवढाच, ३५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड). फरक जाडीत. नऊ एमएमचं बूड दहा मिलिमीटरला जरा कमी, याचं पावणेअकरा. भाचा म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय?"

लाइटबिलावर आकडे मांडले. नऊ एमएमची गोळी आठ ग्रॅम, वेग सेकंदाला ३५० मीटर. ग्रॅमचे किलो करून गुणाकार २.८. चाळीसची, म्हणजे .४० ची गोळी ११.७ ग्रॅम, वेग ३००. गुणाकार साडेतीन. म्हणजे धक्का सव्वापट. (दारूच्या वायूचा हिशेब मी सोडून दिलाय, जाणकारांनी रागावू नये.) आता हा धक्का स्लाइडला, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला, मागं ढकलतो. स्लाइड तीच ठेवली तर तिचा वेग सव्वापट, आणि वेगाचा वर्ग करायचा असल्यामुळं तिच्यातली ऊर्जा दीडपटीहून जास्त. प्रत्येक गोळीला ही ऊर्जा कुठंतरी आदळणार.

कुठं आदळते, हे आर्मररला विचारा. हाय पॉवरमध्ये नळीच्या पाठीवरचे दात स्लाइडच्या आतल्या खाचांत अडकलेले असतात. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड थोडं अंतर जोडीनं मागं जातात, मग नळीचं शेपूट फ्रेममधल्या, म्हणजे मुठीसकटच्या खालच्या सांगाड्यातल्या, आडव्या तुकड्यावर घसरून खाली येतं आणि स्लाइड एकटी मागं जाते. शेवटी तीही फ्रेमवर येऊन थांबते. सगळा मार फ्रेमच्या अंगावर. नळी बिचारी नवी, जाड, मजबूत असली तरी उपयोग शून्य.

भाच्याला पटेना, म्हणून त्याच्याच थोरल्या मामाची विहीर काढली. दादानं पाच एचपीची मोटर काढून साडेसातची बसवली, पाइप जुनेच ठेवले. मोटर आजही ठणठणीत आहे. फुटला तो बांधावरचा एल्बो, आणि दादा दोन दिवस मोटरवाल्याला शिव्या घालत होता.

एफएनच्या लोकांचाही असाच एल्बो फुटला. जुनी घडीव (फोर्जिंगची) फ्रेम चाळीसच्या माऱ्यापुढं टिकेना. मग त्यांनी काय केलं? ओतीव (कास्टिंगची) फ्रेम आणली. इथं भाचा ताडकन उठून बसला. त्याच्या शॉपमध्ये सगळी फोर्जिंग येतात, आणि कास्टिंग म्हणजे दुय्यम माल हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी म्हटलं, बाबा, घडीव की ओतीव याच्या आधी विचार, पोलाद कोणतं आणि कडकपणा किती. नवी ओतीव फ्रेम जुन्या घडीवपेक्षा कठीण होती. सोबत स्लाइड जाड आणि जड केली, नळीवर दोनाऐवजी तीन दात दिले, स्प्रिंग कडक केली. मॅगझिनमध्ये तेरा गोळ्या बसायच्या, त्या दहावर आल्या. काडतुसाचं बूड रुंद म्हणून स्लाइडचं तोंड वेगळं, रिकामी पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर वेगळा. नाव तेवढं जुनं राहिलं.

मला यातला सगळ्यात आवडणारा किस्सा मात्र दुसऱ्या पिस्तुलाचा आहे. ब्राउनिंगचंच, '१९११' नावाचं. ते मुळात .४५ चं, म्हणजे अंगानं दांडगं, आणि त्याचं काडतूस २१,००० पीएसआयचं, शांत. १९८७ साली कोल्टनं त्यात दहा एमएमचं काडतूस घालून 'डेल्टा एलिट' काढलं. बोअर लहान झाला, पण दाब जवळजवळ दुप्पट. सुरुवातीच्या पिस्तुलांना तडे जायला लागले, आणि तेही ठराविक एका जागी. स्लाइड अडवून धरणाऱ्या खटक्यासाठी (स्लाइड स्टॉप) फ्रेमला जी खाच आहे, तिच्या वरून रेलचा, म्हणजे स्लाइड ज्यावर सरकते त्या पट्टीचा, एक बारीक पूल जातो, तिथं. आपल्याला वाटेल, तिथं आणखी धातू घालायला हवा. कोल्टनं तो पूलच कापून टाकला. जो तुकडा भार उचलत नव्हता आणि नुसता चिरत होता, तोच काढला. तडे जायचे थांबले.

हे ऐकून भाचा बराच वेळ गप्प होता. नंतर लाइटबिलावर त्या खाचेचे कोपरे गोल करून बघत बसला. मी काही बोललो नाही. आमच्या बहिणीनं तेवढ्यात दोनदा चहा गार झाल्याची आठवण केली.

पुढचं सांगितलं तेव्हा मात्र तो हसला. नऊ एमएमच्या गोळ्या सुधारत गेल्या, आणि चाळीसला उचलून धरणारे पोलीस, एफबीआयसुद्धा, परत नऊ एमएमवर आले. एफएननं २०१८ मध्ये हाय पॉवर बंद केलं आणि २०२२ मध्ये त्याच नावानं नव्यानं आखलेलं पिस्तूल आणलं. सतरा गोळ्यांचं, फक्त नऊ एमएममध्ये.

"मग एवढा खटाटोप केला कशाला त्यांनी?"

"गिऱ्हाईक मागत होतं."

लाइटबिल तो खिशात घालून घेऊन गेला. बिल अजून भरायचं राहिलंय, हे माझ्या सोमवारी लक्षात आलं.