माळ्यावरचा संगणक आणि योगेश फॉन्टातली नाटकं

१४ जून २०२५, शनिवार

वाचनालयाचा माळा आज रिकामा केला. कौलं परतायची राहून गेली आणि एका कोपऱ्यात गळू लागलं, म्हणून वरचं सगळं खाली घ्यावं लागलं. जुने दिवाळी अंक, मोडकी खुर्ची, आणि गोणपाटात गुंडाळलेला नाट्यमंडळाचा संगणक. कुणीतरी लगेच भंगारवाल्याला फोन लावत होतं, मी थांबवलं. जत्रेला आमच्या गावात जी नाटकं व्हायची त्यांतली चार गावातच लिहिलेली, कुठे छापलेली नाहीत. वह्या वाळवीने खाल्ल्या. त्याआधी काकांनी, म्हणजे मंडळाच्या जुन्या प्रॉम्प्टरांनी, ती याच यंत्रावर टाइप करून ठेवली होती. काका आता ७८ वर्षांचे आहेत. विचारलं तर म्हणाले, "असतील गो त्यातच, पण तो बंद पडून दहा वर्षं झाली."

मला संगणकाचं पोट उघडायचा अनुभव नाही. पण पाऊस पडतोय, संध्याकाळी मोकळ्या आहेत. घरी आणलाय.

२२ जून, रविवार

पर्वरीच्या भाच्याने फोनवर पहिल्यांदा हे सांगितलं: "मावशी, वायर काढ, मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धर, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. आणि पॉवर सप्लायचा डबा कधी उघडू नकोस." तेवढं पाळून बाजूचा पत्रा काढला. आत धूळ नव्हे, गादीच होती, आणि पालीची दोन रिकामी अंडी. रंगाच्या ब्रशने सगळं झाडलं. मदरबोर्डवरचे, म्हणजे मुख्य पाटीवरचे, कपॅसिटर (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या) एकेक करून पाहिले. डोक्यावर फुगलेले किंवा गळलेले असते तर काम वाढलं असतं, पण सगळे सपाट आहेत.

वीज दिली तर पंखा फिरला, स्क्रीन काळी, आणि थांबून थांबून लांब शिट्टी. भाचा म्हणाला, ही रॅमची, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या आठवणीची, तक्रार. रॅमची पट्टी काढली तेव्हा तिचे सोनेरी दात काळवंडलेले दिसले. आमच्या हवेत पावसाळ्यात कपाटातल्या चपलेला बुरशी येते, मग यांचं काय होणार! शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने दात हलक्या हाताने घासले, चुरा झटकला, पट्टी पुन्हा 'टक्' आवाज येईपर्यंत बसवली.

एकच छोटी शिट्टी झाली आणि स्क्रीनवर अक्षरं आली. मी मोठ्याने हाक मारून घरातल्या सगळ्यांना बोलावलं.

६ जुलै, आषाढी एकादशी

दर वेळी चालू केला की तारीख मागच्या जमान्यात जाते. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. तो मेला की यंत्राला वेळ आठवत नाही. मला वाटलं होतं, तारीख चुकली तर काय बिघडतं? पण चुकलेल्या घड्याळावर इंटरनेटची पानंही उघडत नाहीत. प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि यंत्राच्या हिशेबाने ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. सेल डिचोलीत घड्याळाच्या दुकानात मिळाला.

आजचं खरं काम मात्र हार्ड डिस्कचं. इथे भाच्याने मला अडवलं ते बरं केलं. मी जुनं विंडोज एक्सपी चालू करून फाइली शोधायला निघाले होते. तो म्हणाला, म्हातारी डिस्क आहे, आधी नक्कल, मग बाकी सगळं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी प्रणाली) चालू केलं, डिस्कला हात न लावता. तिची तब्येत तपासली तर वाचता न येणारे, 'पेंडिंग' म्हणून नोंदलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, बरेच. मग डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, खराब जागा ओलांडून पुढे जातो, आणि मग मागे येऊन त्या जागांशी झटतो. कुठवर आलो याची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवत जातो. रात्री दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा तो सोडल्या जागेवरून पुढे सुरू झाला. फराळाची साबुदाण्याची खिचडी मी त्या आकड्यांकडे बघत खाल्ली.

१९ जुलै, शनिवार

नक्कल झाली. थोडेच सेक्टर हातचे गेले. जुनी डिस्क डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवली.

यंत्र जुन्या पिढीचं: कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी ३१ चिपसेटचा बोर्ड. या बोर्डावर डीडीआर २ जातीची रॅम जास्तीत जास्त ४ जीबी चालते, त्यापुढे पैसे घालून उपयोग नाही. २ जीबीच्या दोन जुन्या पट्ट्या आणि २४० जीबीची एसएसडी, म्हणजे चिपांवर साठवणारी डिस्क, एवढंच घेतलं. दोन्हींत फरक कशाने पडला तर एसएसडीने. जुन्या डिस्कमध्ये वाचणारं टोक फिरत्या तबकडीवर इकडून तिकडे धावतं, आणि सगळा वेळ त्या धावण्यात जातो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती टाकली. वाचनालयाची पुस्तकनोंदणी आणि मुलांचं टायपिंग याला हे यंत्र पुरतं, अगदी मजेत पुरतं.

येत्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार, म्हणजे दुरुस्त्या आणि अपडेट, संपतोय. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती नसलेली किती धडधाकट यंत्रं माळ्यावर नाहीतर भंगारात जातील, याचा विचार करून मला झोप लागत नाही. ती यंत्रं यापेक्षा कितीतरी तरुण असतील.

२ ऑगस्ट, शनिवार

माझा उद्योग कानोकानी गेला आणि कुंडईच्या एका कारखान्यातून काढून टाकलेला सर्व्हर घरी आला. दोघांनी धरून आणावा लागला. चालू केला तर पंख्यांचा आवाज असा की शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या.

त्याच्या रॅमचा ढीग पाहून हाव सुटली होती, पण ती सर्व्हरसाठीची रजिस्टर्ड ईसीसी रॅम, साध्या संगणकात चालत नाही. डिस्काही एसएएस जोडणीच्या, सर्व्हरसाठीच्या. सर्व्हरच्या कंट्रोलरवर घरच्या संगणकातल्या साध्या साटा डिस्का बसतात, उलटं मात्र होत नाही. काही काम नसताना तो १६० वॅट खातो, मीटरचा प्लग लावून पाहिलं. दिवसरात्र ठेवला तर महिन्याला ११५ युनिट. वाचनालयाला ते परवडणारं नाही, मलाही नाही. त्यावर शिकायचं आणि बंद करायचा. आज शिकले ते रेड: दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवला, चालू असताना एक उपसून काढली, आणि सर्व्हर अडखळलाही नाही. परत बसवल्यावर ती आपली आपण भरू लागली. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माझा विश्वास बसला नसता.

१७ ऑगस्ट, रविवार

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दहा दिवसांवर, माटोळीची (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांची) यादी अर्धीच झाली आहे, आणि मी फॉन्टात अडकले आहे.

नाटकं चारही मिळाली. उघडली तर सगळी रोमन अक्षरांची, टिंबा-मात्रांची खिचडी. काकांनी टाइप केलं ते युनिकोडमध्ये (अक्षरं साठवायच्या आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत) नव्हे, डीव्ही-टीटी योगेश या जुन्या फॉन्टात. तसल्या फॉन्टात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट नसला की खालचं रोमन उघडं पडतं. नकलेतल्या विंडोजच्या फॉन्टांच्या फोल्डरात योगेश सापडला. तो टाकल्यावर पानावर मराठी उमटली. पण ती दिसण्यापुरतीच. शोधता येत नाही, फोनवर पाठवता येत नाही.

भाच्याने युनिकोड करणारा प्रोग्रॅम लिहून दिला, चिन्हांचा तक्ता मी भरतेय, एकेक तुकडा बघून. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टात दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या मागून येते. रफार याच्या उलट. 'धर्म'मधला रफार जुन्या फॉन्टात 'म'च्या नंतर, युनिकोडमध्ये 'र्' म्हणून 'म'च्या आधी. वेलांटीचं जमलं, रफार अजून कुठे कुठे चुकतो.

संध्याकाळी पहिल्या अंकाची छापील पानं घेऊन काकांकडे गेले. ओसरीवर पाऊस आत येत होता, ते आत पलंगावर होते, डोळ्यांना आता छापील दिसत नाही. मी वाचू लागले. तिसऱ्या पानावर 'सूयर् कलला' असं आलं, रफार निसटलेला. मी क्षणभर थांबले, तेवढ्यात ते हलक्या आवाजात, प्रॉम्प्टरच्या त्या दबक्या आवाजात म्हणाले, "सूर्य कलला, राजे, आता तरी दार उघडा."

मी पेन्सिलीने दुरुस्त केलं. ते पुढचं वाक्य सांगू लागले, आणि मी कागदावर बोट ठेवून त्यांच्या मागून जात राहिले. अंक संपला तेव्हा विचारलं, "दुसरा कधी आणशील?"

उद्या रात्री रफाराचं काम करते.