ते ॲप कंपनीत का आणत नाही?

कंपनी चालवणाऱ्या बाईने रविवार फुकटच्या ॲपवर का घालवावा, आणि घालवतेच आहे तर ते कंपनीत आणून चार पैसे का करू नयेत? नातेवाईक विचारतात, मुलाखतीला आलेली मुलं विचारतात, कॉलेजात बोलायला गेले की तिथेही हेच. आजवर थोडक्यात उत्तर देऊन विषय बदलत आले. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून आता सगळं सांगते.

पुण्यातली आमची कंपनी औषध दुकानांसाठी स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करते. ॲप आहे बचत गटांच्या हिशोबाचं. ते सुरू झालं तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी. आई गटाची सचिव, वही तिच्याकडे. 1992 पासून नाबार्डने गट बँकांना जोडायला सुरुवात केली. तिथे बँक तारण मागत नाही, पंचसूत्री बघते: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब, पाचही नियमित. त्यातलं हिशोबाचं सूत्र सांभाळणाऱ्या बाईचे डोळे रात्री दुखतात, हे मी घरात पाहिलं होतं.

"एवढंसं काम, एक्सेलमध्ये होतं की," असं म्हणणाऱ्यांनी एकदा बैठकीला बसावं. दहा हजार कर्ज, शेकडा दोन रुपये महिना. बाई पाचशे घेऊन आली तर दोनशे व्याजात, तीनशे मुद्दलात, पुढच्या महिन्याचं व्याज 9,700 वर, म्हणजे 194. इथपर्यंत सोपं आहे. मग द्राक्षाला दर नसलेल्या महिन्यात तीच बाई म्हणते, "मुद्दल राहू दे, नुसतं व्याज घे," आणि गट मान्य करतो. बँकेचं सॉफ्टवेअर तिला थकबाकीदार ठरवेल. गट ठरवत नाही, कारण तिच्या घरची परिस्थिती सतरंजीवर बसलेल्या सगळ्याजणींना माहीत असते. ॲपमध्ये ही सवलत बसवायला मला फार दिवस लागले. आणि मोबाइल? सुरुवातीला मी पावतीचा एसएमएस ठेवला होता. आईने तो दुसऱ्याच बैठकीनंतर काढायला लावला. बाईच्या नावावरचा नंबर बहुतेक घरांत नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. तिने किती साठवले, कशासाठी उचलले, हे त्या खिशात वाजायला नको होतं. एकीने शिलाई मशीनसाठी म्हणून तीन हजार घेतले होते. ते खरं कशाला हवे होते, ते गटाला माहीत होतं आणि गटाबाहेर कोणालाच नव्हतं.

आता 2023 चा पावसाळा. ज्यांनी नेमकं तेव्हाचं विचारलंय त्यांच्यासाठी.

बाजारात गुंतवणुकीचा पैसा आटला होता आणि आमच्याकडे पुढच्या दोन महिन्यांच्या पगारापुरतं शिल्लक होतं. एक गुंतवणूकदार तयार झाले. करारात नेहमीची कलमं होती: संस्थापकांनी पूर्ण वेळ कंपनीला द्यायचा, त्यांनी लिहिलेलं सगळं सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचं. वगळायच्या गोष्टींची यादी शेवटी जोडायची असते. त्या यादीत मी ॲप लिहिलं. त्यांनी ती ओळ खोडली आणि आम्हाला बोलावून घेतलं.

मी आणि माझा भागीदार गेलो. कॉलेजपासूनचा मित्र, माझ्या लग्नात पंगतीत वाढायला उभा होता. समोरच्या गृहस्थांनी औषध दुकानांबद्दल जेमतेम विचारलं. त्यांना हवा होता परतफेडीचा इतिहास: कोणती बाई वेळेवर फेडते, किती फेडते, कोणत्या महिन्यात अडते. त्यावर कर्ज देणारी कंपनी जोडायची. मी म्हटलं, ही माहिती माझी नाही. ते शांतपणे म्हणाले, "संमती घेऊनच करू. कायद्यालाही तेच हवंय." खरंच होतं. डिजिटल कर्जाबद्दल रिझर्व्ह बँकेचे नियम आदल्या वर्षी आले होते, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा त्याच ऑगस्टमध्ये संसदेत मंजूर झाला. मी विचारलं, संमतीचा ओटीपी कोणाच्या फोनवर जाणार? कोणी बोललं नाही. मग माझा मित्र माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो प्रश्न सुटेल. आधी पगार."

परतताना त्याने गाडी बाजूला घेतली. तो ओरडला नाही. ऑफिसातल्या एकेकाचं नाव घेत गेला: याचं घराचं कर्ज, हिचं बाळंतपण, त्याच्या वडिलांचं डायलिसिस. "तुझ्या गावच्या बायकांना तू वाचवतेस, आणि या लोकांना कोण?" मी म्हटलं, यांना दुसरी नोकरी मिळेल, त्यांना दुसरा गट मिळणार नाही. तो म्हणाला, हे तू त्यांच्या तोंडावर सांग. मी सांगितलंही, दुसऱ्या दिवशी, सगळ्यांना बसवून. करार झाला नाही. काहीजण गेले, काहींनी अर्ध्या पगारावर थांबायचं ठरवलं. दिवाळीनंतर तोही गेला. आमचं बोलणं नाही. त्याची आई संक्रांतीला अजून फोन करते आणि दोघींनाही काय बोलावं ते सुचत नाही.

म्हणून "पैसे का करत नाही" असं कोणी सहज म्हणालं की मला राग येतो. पैसे मोजून झालेले आहेत.

पण मीच एकेकाळी कॉलेजच्या मुलांना सांगत असे, संस्थापकाने एका वेळी एकच काम करावं, दुसरं हातात असेल तर पहिल्यावर त्याचा विश्वास नाही. मनापासून सांगत होते. आजही ते खोडून काढता येत नाही. ॲप नसतं तर कंपनी मोठी झाली असती का? बहुधा हो. नवरा एकदा म्हणाला, "तुझी कंपनी, तुझं ॲप, तुझी आई, आमचा वार कोणता?" त्याला शनिवार दिला. मुलगी म्हणते तिला रविवार हवा होता, कारण तिच्या मैत्रिणींकडे सगळे रविवारी असतात.

मित्राचा प्रश्नही तसाच आहे. गाडीत त्याने जी नावं घेतली त्यांपैकी एकजण पुढे सात-आठ महिने बेकार होता. त्याच काळात गावच्या गटाला बँकेचं वाढीव कर्ज मंजूर झालं, वही चोख होती म्हणून. या दोन गोष्टी मी समोरासमोर ठेवते आणि माझं उत्तर दर वेळी एकच येत नाही.

सध्या सर्व्हरचं बिल माझ्या पगारातून जातं, कंपनीच्या खात्यातून नाही. कोड सगळ्यांसाठी खुला केला आहे, माहिती नाही. एसएमएस अजून बंद आहे. नव्या गुंतवणूकदारांशी बोलणी चालू आहेत, आणि वगळायच्या यादीतली पहिली ओळ तीच आहे.