तुम्ही विचारलंत म्हणून: टेकडीवरसुद्धा पट्टा कशाला?

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर माझ्या कुत्र्याला, शेरूला, पट्ट्यात बघून कुणी ना कुणी विचारतंच, "एवढं मोकळं रान आहे, सोडा की त्याला! इथे तरी कशाला बांधून फिरवता?" चढ चढता चढता याचं उत्तर देता येत नाही आणि मग आपण आडमुठे ठरतो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

शेरू चावत नाही. हाक मारली की येतो. "मग प्रश्न काय आहे?" हे तुमचं पुढचं वाक्य मला पाठ आहे, कारण एके काळी ते माझंच होतं. कुत्रा धावलाच पाहिजे, टेकडी सगळ्यांची आहे, असं मीही तावातावाने सांगायचे.

मे महिना होता. खाणीच्या वरच्या अंगाला मुरमावर टिटवी बसली होती. तिचं घरटं म्हणजे खड्यांत केलेला जरासा खोलगट भाग आणि त्यात चार अंडी, मातकट, काळ्या डागांची. दोन पावलांवरूनही पटकन दिसत नाहीत. ऊन चढलं तशी ती उठून खाणीच्या काठाशी गेली, उथळ पाण्यात पोट बुडवलं आणि ओल्या पिसांनिशी परत येऊन अंड्यांवर बसली. तापलेल्या दगडांत अंडी गार ठेवायची तिची ही रीत. शेरूला जवळ धरून मी लांबून बघत होते.

तेवढ्यात पायवाटेने एक मोकळा लॅब्रॅडोर आला. चांगला गुणी, शेपूट हलवणारा. टिटवी ओरडत त्याच्या डोक्यावर घिरट्या घालायला लागली, मग खाली उतरून पंख फरफटत त्याला दुसरीकडे न्यायला लागली. त्याला तो खेळ वाटला. मालक कौतुकाने व्हिडिओ काढत होते. मी ओरडले, "काका, अंडी आहेत हो तिची तिथे!" "अहो, आमचा काही करत नाही!" आणि खरंच, त्याने अंड्यांना तोंडही लावलं नाही. खाणीत डुंबला, परत त्याच मुरमावर येऊन लोळला. तेवढा सगळा वेळ अंडी रणरणत्या उन्हात उघडी आणि टिटवी वर आक्रोश करतेय.

दुसऱ्या दिवशी तिथे काहीच नव्हतं. कावळ्याने नेली असतील, मुंगसाने नेली असतील. कुत्र्यावर आळ घेणार नाही. पण टिटवी अंड्यांपाशी असली की कावळ्याला ती सहसा जवळ फिरकू देत नाही.

शेरूला यातलं काही पटत नाही. खाणीशी आलो की पाण्याच्या वासाने माझा खांदा निखळेल इतका ओढतो. लांब दोरी घेतली, पण ते काही पळणं नव्हे. बहुतेक बागांच्या दारावर कुत्र्यांना मनाईची पाटी. मग त्याने पळायचं कुठे? टेकडीवरची भटकी कुत्री तर मोकळीच असतात, तुमच्या एकटीच्या पट्ट्याने काय होणार, असंही विचारता. यातल्या एकाचंही उत्तर माझ्याकडे नाही, आणि तरीही मी पट्टा काढत नाही.

परवा एकांनी तोडगा सुचवला: विणीचा हंगाम सोडून बाकीचे महिने सोडा. टिटवीचा हंगाम साधारण मार्च ते ऑगस्ट. लांडोरही पावसाळ्यात जमिनीवरच, झुडपाच्या आडोशाला अंडी घालते. म्हणजे उरली थंडी. थंडीत सोडू, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. आमचा वाद अजून चालू आहे; यंदा तरी मी ऐकणार नाही.