आबांच्या मुलाखतीनंतरची फीत

जुन्या कॅसेटी डिजिटल करून देण्याचं माझं पुण्यात छोटं दुकान आहे. येतात त्या बहुतेक लग्नामुंजीच्या. गेल्या पावसाळ्यात पुरंदरच्या एक ताई व्हीएचएस कॅसेट घेऊन आल्या. वर बॉलपेननं लिहिलेलं : ‘आबा, टीव्ही, १९८७’. त्यांचे वडील अंजीर बागायतदार. मुंबई दूरदर्शनच्या ‘आमची माती आमची माणसं’ या शेतीच्या कार्यक्रमात त्यांची मुलाखत झाली होती आणि सासवडच्या नातेवाइकांनी ती व्हीसीआरवर उतरवून घेतली होती.

“दादा, आबांचा आवाज दुसरा कुठंच नाही,” एवढंच त्या म्हणाल्या.

फितीवर पांढरी बुरशी चढली होती. अशी फीत तशीच लावली तर व्हीसीआरचं फीत वाचणारं हेड खराब होतं आणि फीतही तुटू शकते. कॅसेट उघडून फीत हातानं हळूहळू फिरवत पुसली, रिळं दुसऱ्या कॅसेटच्या कवचात बसवली आणि ताईंना बोलावून घेतलं.

आबा दिसले. अंजिराचा मीठा बहार धरायचा तर पाणी तोडून बागेला ताण कसा द्यायचा, हे शांतपणे सांगत होते. “ही विहिरीजवळची बाग,” ताई म्हणाल्या, आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मुलाखत संपली, पण रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. निवेदिका आली, पुढचे कार्यक्रम सांगून गेली. मग प्रक्षेपण अडलं की दाखवत ती ‘व्यत्यय’ची पाटी, बातम्यांचा तुकडा. पुढे चित्र क्षणभर हललं आणि दिल्लीचा हिंदी कार्यक्रम सुरू झाला. मी खुर्चीवरून उठलोच.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीतून सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झालं आणि पुण्याच्या बाजूला चित्र दिसू लागलं. १५ ऑगस्ट १९८२ पासून देशभर दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि मुंबईच्या हातातली रात्र आखडली. हे सगळं मी वाचलं होतं. पण मुंबई सोडून दिल्ली जोडली जाते तो सांधा डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. टीव्ही केंद्राच्या संग्रहात राहतात ते निवडक कार्यक्रम, कारण टेप महाग असत आणि पुसून पुन्हा वापरल्या जात. निवेदन तर थेट व्हायचं, ते टेपवर ठेवायचं कुणाला सुचणार? आपल्या टीव्हीची अख्खी संध्याकाळ कशी होती, हे आता अशा घरगुती कॅसेटींतच सापडेल, असं मला मनापासून वाटतं.

“ताई, आबांचा भाग वेगळा काढून देतो. पण पुढचं काही कापू नका, माझ्याकडेही एक प्रत राहू द्या.”

“ठेवा की,” त्या म्हणाल्या. “माळ्यावर अजून पेटीभर आहेत. त्यात आबा नाहीत, म्हणून आणल्या नव्हत्या.”

पुढच्याच रविवारी मी सासवडची एसटी धरली.